'द लाँग डार्क': २०० दिवस जगलात, आता पुढे काय? बर्फातल्या लांब रनमध्ये कंटाळा कसा टाळायचा

जानेवारीत बारामतीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरला की चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि 'यंदा थंडी जरा जास्तच आहे' अशी चर्चा सुरू होते. 'द लाँग डार्क' या व्हिडिओ गेममध्ये उणे ३० अंशांची रात्र ही नेहमीची गोष्ट आहे. बारामतीत शेकोटी विझली तर माणूस घरात जातो. गेममध्ये चुकीच्या वेळी शेकोटी विझली तर खेळाडूचा जीव जातो आणि मूळ नियमानुसार त्याची सेव्ह फाइलही पुसली जाते. पुन्हा सुरुवात पहिल्या दिवसापासून.

त्यामुळे नव्या खेळाडूला भीती असते ती लांडग्यांची, अस्वलांची आणि हिमवादळाची. पण १००-२०० दिवस तग धरलेल्या खेळाडूंची अडचण वेगळी असते. जेवण आहे, सरपण आहे, उबदार कपडे आहेत, आणि तरीही गेम उघडावासा वाटत नाही. लांब रन बऱ्याचदा लांडग्यामुळे नाही, तर कंटाळ्यामुळे संपते. ती कशी टिकवायची, हे समजून घेऊ.

गेम नेमका आहे काय?

'द लाँग डार्क' बनवला कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओने. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी गोळा करून या प्रकल्पाला बळ मिळालं. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याची अपुरी आवृत्ती खेळाडूंसाठी खुली झाली आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण गेम बाजारात आला. तो कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विचवर खेळता येतो.

गोष्ट घडते 'ग्रेट बेअर' नावाच्या काल्पनिक कॅनेडियन बेटावर. भूचुंबकीय वादळामुळे वीज गेली आहे, यंत्रं बंद पडली आहेत आणि माणसं जवळपास उरलेलीच नाहीत. कथा सांगणारा 'विंटरम्यूट' हा भाग वेगळा आहे. इथे आपण बोलतोय 'सर्व्हायव्हल मोड'बद्दल. त्यात झॉम्बी नाहीत, मिशन नाही आणि शेवटही नाही. शरीराचं तापमान, थकवा, तहान आणि भूक या चार गोष्टी सांभाळत जितके दिवस जगता येईल तितके जगायचं. एका जिवात खेळलेला हा संपूर्ण डाव म्हणजे 'रन'.

भूचुंबकीय वादळाची कल्पना हवेतली नाही. सप्टेंबर १८५९ मधल्या इतिहासातल्या सर्वांत प्रखर वादळांपैकी एकाच्या महत्त्वाच्या नोंदी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाल्या होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं.

कंटाळा कधी येतो?

सुरुवातीचे दिवस आपोआप रंगतात. काडेपेटी कुठे मिळेल, रात्र कुठे काढायची, या आवाजाच्या दिशेला लांडगा आहे का, असे प्रश्न दर मिनिटाला पडतात. एका घरात टिनबंद खाणं सापडलं तरी दिवाळी वाटते.

मग हळूहळू एकेक प्रश्न सुटत जातो. हरणाची शिकार जमते, मासे पकडता येतात, फरचे कपडे तयार होतात. स्वयंपाकाचं कौशल्य पाचव्या पातळीवर गेलं की लांडग्या-अस्वलाचं शिजवलेलं मांस खाऊनही पोटात जंत होण्याचा धोका राहत नाही. एखादं चांगलं घर 'बेस' बनतं आणि सगळं सामान तिथे रचलं जातं.

इथेच अडचण सुरू होते. झोपा, पाणी उकळा, मांस शिजवा, पुन्हा झोपा. दिवसांचा आकडा वाढत राहतो, पण आज आणि काल यांत फरक उरत नाही. थोडक्यात, जगण्याचा प्रश्न सुटला की गेमने दिलेलं ध्येय संपतं. पुढचं ध्येय खेळाडूलाच ठरवावं लागतं.

गेमने स्वतः काय उपाय केलेत?

घरात दडून दिवस मोजण्याची युक्ती बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून त्यांनी काही नियम घातले:

- केबिन फीव्हर: पिलग्रिम ही सर्वांत सोपी पातळी सोडली, तर अनेक दिवस बहुतेक वेळ घरातच काढल्यावर हा त्रास जडतो. मग घरात झोपताच येत नाही. बाहेर पडून गाडीत किंवा बर्फाच्या आडोशात रात्र काढावी लागते.
- वेल फेड: उपासमार होऊ न देता सलग ७२ तास काढले की अंगात ताकद येते आणि सामान वाहण्याची क्षमता ३० वरून ३५ किलो होते. त्यामुळे मुद्दाम उपाशी राहून अन्न वाचवण्याचा मोह कमी होतो.
- संपणारं सामान: घरांतलं टिनबंद खाणं, काड्या आणि पाणकणसाचे देठ एकदा संपले की परत येत नाहीत. प्राणी, मासे आणि वादळात मोडून पडलेल्या फांद्या मात्र पुन्हा मिळतात. किनाऱ्यावर समुद्रही अधूनमधून वस्तू आणून टाकतो.

या नियमांचा रोख एकच आहे: बसून राहू नका. ज्या खेळाडूला हे नियम जाच वाटतात, त्याची रन लवकर कंटाळवाणी होते. जो त्यांना बाहेर पडण्याचं निमित्त मानतो, त्याची टिकते.

मुक्काम हलवण्याची पद्धत

हे तत्त्व बारामती-इंदापूरच्या लोकांना नवं नाही. या कोरडवाहू पट्ट्यातले धनगर मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरांचा वाडा घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. बरेच जण घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पुढच्या पावसाच्या सुमारास परततात. एका जागी चारा संपेपर्यंत थांबायचं नसतं. वाटेवरचं पाणी, मुक्काम आणि ओळखीची शेतं माहीत असावी लागतात, आणि घोड्यावर मावेल तेवढाच संसार सोबत न्यायचा असतो.

'द लाँग डार्क'मध्येही हीच पद्धत चालते. एकच मोठा बेस करण्यापेक्षा चार-पाच प्रदेशांत छोटे मुक्काम तयार ठेवावेत. प्रत्येक ठिकाणी थोडं सरपण, उकळलेलं पाणी, दोन दिवसांचं अन्न आणि एखादं हत्यार असावं. मिस्ट्री लेकला शिकार, कोस्टल हायवेला मासेमारी आणि किनाऱ्यावरच्या वस्तू, डेसोलेशन पॉइंटवर मोडक्या जहाजातल्या भट्टीत बाणांची टोकं, असा फेरा ठरवता येतो. कुठे थांबायचं, काय मागे ठेवायचं आणि किती वजन उचलायचं, हे निर्णय पुन्हा महत्त्वाचे होतात.

गेममध्ये याच धर्तीवर 'नोमॅड' नावाचं आव्हानही आहे. ठरवून दिलेल्या प्रत्येक ठिकाणी ३ दिवस काढायचे आणि पुढे निघायचं.

स्वतःचं ध्येय कसं ठरवायचं?

'जमेल तितकं जगायचं' हे ध्येय फार मोठं आणि अस्पष्ट आहे. त्याऐवजी १०-२० दिवसांत पूर्ण होईल असं काम निवडावं. काही पर्याय:

१. नकाशा पूर्ण करणं. गेम तयार नकाशा देत नाही. विझलेल्या शेकोटीतला कोळसा घेऊन जागोजागी थांबून तो काढावा लागतो. सगळे प्रदेश पूर्ण करणाऱ्यासाठी 'फेथफुल कार्टोग्राफर' ही अचीव्हमेंट आहे.

२. वाट पाहायला लावणारी कामं लावून ठेवणं. सशाचं कातडं सुकायला ३ दिवस लागतात, हरणाचं ५, लांडग्याचं ७ आणि अस्वलाचं १२. कातडं सुकत ठेवून छोट्या मोहिमेवर निघालं की परतण्याला कारण मिळतं.

३. काडीशिवाय जगणं. काड्या संपणार हे नक्की. भिंगाने उन्हात आग पेटवणं आणि मशालीवर ती पुढच्या मुक्कामी नेणं, याची सवय काड्या शिल्लक असतानाच करावी.

४. स्वतःला बंधन घालणं. बंदूक न वापरता फक्त धनुष्यबाण, किंवा एका रात्रीपेक्षा जास्त एका जागी मुक्काम नाही. गेम हे तपासत नाही, पण प्रत्येक दिवस पुन्हा अवघड होतो.

५. अरोराच्या रात्री बाहेर पडणं. आकाशात रंगीत प्रकाश दिसला की बंद यंत्रं आणि दिवे काही काळ सुरू होतात. प्राणीही जास्त आक्रमक होतात. सगळे घरात बसतात त्या रात्री बाहेरचं बेट वेगळंच दिसतं.

खऱ्या बर्फात माणसं काय करतात?

लांब हिवाळ्यातला कंटाळा हा फक्त गेमचा विषय नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. आज या मोहिमांचं काम गोव्यातल्याच वास्को इथली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था पाहते. 'मैत्री' आणि 'भारती' या तळांवर एक तुकडी पूर्ण हिवाळा काढते. तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही आणि कित्येक महिने जहाज पोहोचू शकत नाही.

अशा मुक्कामात झोप बिघडणं, चिडचिड होणं आणि लक्ष न लागणं या तक्रारी जगभरातल्या तळांवर नोंदवल्या गेल्या आहेत. त्यावरचे उपाय साधे असतात: ठरलेली दिनचर्या, कामांच्या पाळ्या, एकत्र जेवण आणि मोजके सण. अंटार्क्टिकातल्या अनेक तळांवर २१ जूनच्या आसपास 'मिडविंटर' साजरा होतो, कारण त्यानंतर अंधार कमी व्हायला लागतो.

गेममध्येही हे करता येतं. दर २५ किंवा ५० दिवसांनी एक खास दिवस ठेवावा. राखून ठेवलेली कॉफी किंवा पीचचा डबा त्या दिवशी उघडावा. काय घडलं ते गेममधल्या जर्नलमध्ये दोन ओळींत लिहावं. १५० व्या दिवशी ३० व्या दिवसाची नोंद वाचताना आकड्याला गोष्टीचं रूप येतं.

कंटाळ्याने जीव कसा जातो?

कंटाळा फक्त मजा घालवत नाही, चुकाही करायला लावतो. भूक, थंडी आणि थकवा यांचे आकडे हाताबाहेर गेलेले असतात ते बहुधा घाईमुळे. 'एवढ्या वेळा गेलोय या वाटेने' म्हणत खेळाडू वादळाची चिन्हं दिसत असताना निघतो. फेरी वाचवायला जास्त वजन उचलतो आणि उतारावर पाय मुरगळतो. जवळचा रस्ता म्हणून पातळ बर्फावर पाय ठेवतो आणि भिजतो. यातली एकेक चूक भरून निघते. तिन्ही एकाच संध्याकाळी झाल्या तर २०० दिवस गेले.

म्हणून साधा नियम: कंटाळा आला असताना लांबच्या मोहिमेवर निघू नये. सुरक्षित जागी झोपावं, गेम सेव्ह होऊ द्यावा आणि बंद करावा. बेटावर वेळ थांबलेला असतो. आठवड्यानंतर परत आलात तरी शेकोटी तिथेच असते. बाहेरच्या परीक्षा, नोकरी आणि झोप मात्र थांबत नाहीत.

थोडक्यात

- जगण्याचा प्रश्न सुटला की कंटाळा सुरू होतो. ध्येय स्वतः ठरवा आणि ते छोटं ठेवा.
- एका बेसवर बसू नका, मुक्काम फिरता ठेवा.
- काड्यांसारख्या संपणाऱ्या वस्तूंना पर्याय आधीच शोधा.
- टप्प्यांचे दिवस साजरे करा आणि नोंद ठेवा.
- मन लागत नसेल तेव्हा जोखीम घेऊ नका, गेम बंद करा.

रन कधीतरी संपणारच, कारण या गेममध्ये जिंकण्याची सोयच नाही. पण ती वादळात संपली तर सांगण्यासारखं काही उरतं. कंटाळून अर्धवट सोडलेल्या रनमध्ये उरतो तो फक्त दिवसांचा आकडा.