न छापलेली बातमी

वृत्तपत्रांचा पक्षपात त्यांनी छापलेल्या मजकुरात दिसतोच; परंतु जे छापावयाचेच नाही असे ती ठरवितात, त्यात तो अधिक स्पष्ट दिसतो. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने स्वीकारली नाही. ३१ जानेवारीच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात.

स्वतःचे पत्र हाच यावर उपाय होय. संगमनेर परिसरातील वाचकांनी ध्यानी घ्यावे की, आपल्याच नगर जिल्ह्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सोमठाणे या खेड्यातून सत्यशोधकी ‘दीनमित्र’ सुरू केला व पुढे तो तरवडीहून चालविला.

‘जनता’ पत्राचे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ असे नामांतर झाले. धम्मदीक्षेच्या आठ महिने आधीच समाजाने आपली ओळख आपल्या शब्दांत मांडली होती. मात्र स्वतःचे पत्र हाती आले म्हणजे कर्तव्य संपत नाही. दुसऱ्या धर्मसमाजाविषयी लिहिताना त्याचे म्हणणे गाळले, तर जो अन्याय आपण सोसला तोच आपल्या हातून घडेल. सम्यक वाचा संपादकालाही बंधनकारक आहे.