आगीच्या आधींची शिकवण

नालासोपाऱ्याच्या रेल्वे स्टेशनापासून पूर्वेस पसरलेला तुळिंजचा भाग आज इतका दाट वसला आहे कीं, प्राचीन शूर्पारक बंदराशीं त्याचा शेजार आहे हें तेथून जाणाऱ्याच्या मनांतही येत नाहीं. रुळांच्या पलीकडे, जुन्या सोपाऱ्यांत, पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या संशोधनामुळें सन १८८२ मध्यें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा उजेडांत आला. हा आठवा लेख मोठा मननीय आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठीं बाहेर पडत. आपण तें सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, जनपदांतील लोकांस भेटून त्यांस उपदेश करूं लागलों व त्यांच्याशीं विचारपूस करूं लागलों, असें राजा त्यांत सांगतो. अधिकाऱ्यानें आपण होऊन लोकांच्या दारीं जावें व शिकवावें ही कल्पना या भूमीस नवी नाहीं, एवढेंच आम्हांस त्यावरून सुचवावयाचें आहे. मात्र ज्या शिक्षणाविषयीं आम्ही लिहीत आहों तें धर्माचें नसून आगीचें आहे, आणि तें देणारा सम्राट नसून बंबावरचा जवान आहे.

आपल्याकडे अशी समजूत आहे कीं, बंबवाल्यानें घंटा वाजवीत यावें, पाणी मारावें आणि निघून जावें. आग लागण्यापूर्वीं त्याचा आपला संबंध काय? मुंबईच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर फार महाग पडलेलें आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांत लागलेल्या आगीनें शहराचा मोठा भाग खाल्ला. तेव्हां सरकारनें उपाय योजला तो जागेचा. मैदान मोकळें राखलें आणि पुष्कळशी वस्ती कोटाबाहेर नेली. घरें हलविलीं, माणसांस कांहीं शिकवावें हा विचार मात्र त्या काळीं कोणास सुचला नसावा.

पुढें १९४४ सालीं जें घडलें तें निराळें. 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज सुमारें चौदाशें टन दारूगोळा घेऊन फेब्रुवारींत इंग्लंडहून निघालें, वाटेंत कराचीस त्यावर कापसाच्या हजारों गांठी चढविल्या, आणि १२ एप्रिल रोजीं तें मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें. कापूस आणि दारूगोळा एका पोटांत! स्फोटक माल असल्याची खूण म्हणून लावावयाचें तांबडें निशाणही त्यावर नव्हतें. १४ तारखेस दुपारीं साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील माणसांस त्याच्या वायुनळींतून धूर येतांना दिसला. दिसला, पण कोणी कळविलें नाहीं. दोन वाजण्याच्या सुमारास ओरड झाली, बंब आले, नऊशें टनांवर पाणी जहाजांत ओतलें. तरी दाट धुरामुळें आगीचें मूळ सांपडेना. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं कामीं आले. एकंदर मृतांची संख्या आठशें ते तेराशें अशी निरनिराळी सांगतात.

या ६६ जणांच्या शौर्यांत कांहींच उणें नव्हतें. उणें होतें तें साडेबारा आणि दोन यांच्या मधल्या वेळांत. तो वेळ बंबवाल्याचा नव्हता. ज्याला धूर दिसला त्याचा होता. आमच्या मतें अग्निशिक्षणाचा सगळा प्रपंच या दीड तासासाठीं आहे.

१४ एप्रिल हा दिवस पुढें देशभर स्मृतिदिन ठरला आणि त्या दिवसापासून २० तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळण्याची प्रथा पडली. पुष्पचक्र वाहण्याचा समारंभ योग्यच. परंतु त्या आठवड्यांत शाळांतून व वसाहतींतून जीं प्रात्यक्षिकें होतात, त्यांचें मोल आम्हांस अधिक वाटतें. त्यांत सांगतात त्या गोष्टी साध्या दिसतात, पण प्रत्येकीच्या मागें कारण आहे. कढईंतील तेल पेटलें तर पाणी ओतूं नये. कारण पाणी तेलाच्या तळाशीं जाऊन क्षणांत वाफ होतें, वाफ पाण्याच्या सुमारें सतराशेंपट जागा घेते, आणि पेटलेलें तेल छतापर्यंत उडतें. त्याऐवजीं शेगडी बंद करून कढईवर झांकण सरकवावें, म्हणजे हवा तुटते. सिलिंडरांतील गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें तो जमिनीलगत साचतो; वास येतांच दिव्याचें बटण दाबूं नये, दारें-खिडक्या उघडाव्या. उलट धूर वर चढतो, म्हणून धुरांतून रांगत बाहेर पडावें. अंगावरील वस्त्र पेटल्यास धांवूं नये, लोळावें. भाजल्यावर शाई किंवा दंतमंजन लावण्याचें आपल्या घरांतील वेड अजून गेलेलें नाहीं. तेथें हवें असतें तें वीस मिनिटें वाहतें साधें पाणी. गृहिणींनीं हें एकदां हातानें करून पाहावें. नुसतें ऐकलेलें अशा वेळीं आठवत नाहीं.

तुळिंजसारख्या ठिकाणीं या शिकवणीची निकड कां, हें उघड आहे. जुन्या वाडींत दोन घरांमध्यें जागा असे व परसांत विहीर असे. आतां जिना हीच एक वाट, त्या जिन्याखालीं विजेचीं मीटरें आणि त्यांच्यापुढें दुचाक्या. चार नगरपालिका व कित्येक गांवें एकत्र करून ३ जुलै २००९ रोजीं वसई-विरार महानगरपालिका झाली, तिचें अग्निशमन दलही उभें राहिलें. पण वस्ती जितक्या वेगानें वाढली तितक्या वेगानें आगीचें ज्ञान वाढत नाहीं.

शिक्षणाचीही मर्यादा आहे, ती येथें झांकून ठेवणें बरें नव्हे. २०२१ चा सप्ताह २० एप्रिलला संपला आणि २३ तारखेच्या पहांटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयांत, अतिदक्षता विभागांत आग लागून करोनाचे १३ रुग्ण दगावले. अंथरुणाला खिळलेल्यास रांगावें कसें, हें कोण शिकवणार? तेथें शिकवण हवी ती इमारत चालविणाऱ्यांस. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणें मालकानें किंवा वापर करणाऱ्यानें दर जानेवारींत व जुलैंत आगीचीं साधनें चालूं स्थितींत असल्याचा दाखला सादर करावयाचा असतो. आपल्या सोसायटीचा असा दाखला आहे काय, हें किती सभासद विचारतात?

राहिली ती १०१ या क्रमांकाची गोष्ट. मुलांस हा आंकडा पाठ असतो, पण पुढें काय बोलावें तें ठाऊक नसतें. एकाच नांवाच्या इमारती जेथें गल्लोगल्लीं असतात, तेथें नुसतें नांव सांगून भागत नाहीं. जवळची ठळक खूण, कितवा मजला, काय पेटलें आहे, आंत कोणी अडकलें आहे काय, आणि मोठी गाडी कोणत्या बाजूनें शिरूं शकेल, एवढें सांगावें. पलीकडच्यानें ठेवल्यावांचून आपण फोन ठेवूं नये. आणि घरांतील एकानें नाक्यावर जाऊन बंबाची वाट पाहत उभें राहावें.