अंबोनी मलाय

इंडोनेशियातील मोलकाझ (मालुकू) द्वीपसमूहाच्या मध्य भागातील एक मलाय बोली. अंबोन शहर हे तिचे केंद्र असून अंबोन, सेराम, हारुकू, सापारुआ इ. बेटांवरील भिन्नभाषी गटांची ती संपर्कभाषा आहे. अंबोन शहरात व अनेक ख्रिस्ती गावांत ती मातृभाषाही झाली आहे. व्यापाराची बोली म्हणून आलेल्या या भाषेने वेगवेगळ्या गटांना जोडले. परंतु त्यांच्या मूळ भाषांची जागाही तिनेच घेतली.

लवंग व जायफळ यांच्या व्यापाराबरोबर मलाय भाषा यूरोपीयांपूर्वीच येथे पोहोचली होती. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले व पुढच्याच वर्षी ते मोलकाझमध्ये आले. १५४२ मध्ये गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेव्हिअरने मलाक्का येथे प्रार्थनांचे मलाय भाषांतर करवून घेतले आणि १५४६ मध्ये तो अंबोनला गेला. १६०५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने अंबोनचा किल्ला घेतला. डच भाषा रुजविण्याचे प्रयत्न फसल्याने चर्च व शाळा यांतही मलायच राहिली. तथापि तेथील मलाय ग्रांथिक होती. लोकांना समजणारी सोपी मलाय वापरावी, असा अंबोनमधील धर्मोपदेशक फ्रांस्वा व्हॅलेंटाइन याचा आग्रह होता. मात्र मान्यता मिळाली ती मेल्कियोर लेडेकरच्या उच्च मलाय बायबलला (१७३३). परिणामी शिक्षणाची भाषा व घरची बोली यांत अंतर पडले.

या बोलीत ‘बेता’ म्हणजे ‘मी’. अभिजात मलायमध्ये राजे स्वतःसाठी योजीत तो शब्द येथे सर्वसामान्यांचा झाला. ‘किता ओरांग’ (आपण लोक) याचे ‘कातोंग’ व ‘दिया ओरांग’ (ते लोक) याचे ‘दोंग’ असे संक्षेप झाले. ‘सेंग’ हा नकारवाचक शब्द आहे. ‘कादेरा’ (खुर्ची) हा पोर्तुगीज ‘कादेइरा’पासून आला, कोकणीतील ‘कदेल’ त्याच मुळाचा. तिला क्रिओल म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. जेम्स कॉलिन्स याने १९८० मध्ये अशा वर्गीकरणाच्या निकषांवरच प्रश्न उपस्थित केला.

स्थानिक भाषांना येथे ‘बहासा ताना’ (भूमीची भाषा) म्हणतात. चर्च व शाळा यांच्या प्रभावाखालील ख्रिस्ती गावांत त्या बऱ्याच अंशी लोपल्या. मुस्लिम गावांत त्या अधिक काळ टिकल्या. मात्र दोन्ही समाजांतील व्यवहार अंबोनी मलायमध्येच चालत आला. समान बोली व गावागावांतील ‘पेला’ नावाचे परंपरागत बंधुत्वाचे करार असूनही १९९९ मध्ये तेथे ख्रिस्ती-मुस्लिम दंगली उसळल्या व हजारो माणसे मारली गेली. फेब्रुवारी २००२ मध्ये मालिनो येथे शांतता करार झाला. भाषेचे ऐक्य सामाजिक सलोख्यास उपकारक असले, तरी त्याची हमी देऊ शकत नाही, हे या घटनांवरून दिसून आले.

दक्षिण मोलकाझच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या घोषणेनंतर (१९५०) उद्‌भवलेल्या संघर्षामुळे १९५१ मध्ये डच सैन्यातील सु. १२,५०० मोलकाझवासी, सैनिक व त्यांचे कुटुंबीय, नेदर्लंड्सला नेण्यात आले. त्यांच्याबरोबर गेलेल्या मलायपासून तेथे ‘मलायू सिनी’ (इथली मलाय) हा वेगळा प्रकार घडला. मोलकाझमध्ये प्रशासन व शिक्षण इंडोनेशियन भाषेत चालते. घर, बाजार व लोकप्रिय गीते यांत अंबोनी मलाय प्रचलित आहे.