चालकाविना चालणारा रणगाडा

कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. तारेवाचून दुरून आज्ञा देता येते, हे तेथे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

वाहन हाकणे मात्र घंटेइतके सोपे नव्हते. त्यातल्या त्यात पट्ट्यांवर चालणारे वाहन सोयीचे, कारण त्याची पुढची चाके वळवावी लागत नाहीत. डावा पट्टा रोखून उजवा फिरता ठेवला, की ते डावीकडे वळते. सोव्हिएत अभियंत्यांनी १९३०च्या दशकात टी-२६ रणगाडे असे रेडिओवर चालवले. चालक मागच्या दुसऱ्या रणगाड्यात, सुमारे ५०० ते १,५०० मीटरांवर बसे. १९३९-४०च्या फिनलंडच्या युद्धात त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. अडचण केवळ लहरींची नव्हती, नजरेचीही होती (आणि ही गोष्ट यंत्रांच्या इतिहासात सहसा दुर्लक्षित राहते). पुढ्यातला खड्डा इतक्या दुरून कसा दिसावा?

चेन्नईजवळच्या आवडी येथील डीआरडीओच्या प्रयोगशाळेने २०१७ साली पुढे आणलेल्या ‘मुंत्रा’ या मानवरहित पट्टावाहनावर म्हणूनच कॅमेरा व रडार आहेत. बीएमपी-२ या लढाऊ वाहनावर बेतलेले त्याचे तीन प्रकार: टेहळणीचा, सुरुंग शोधणारा आणि अण्वस्त्र वा जैविक अस्त्रांनी दूषित झालेल्या भागात शिरणारा. राजस्थानातील महाजन येथे त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा तापमान ५२ अंश सेल्सिअस होते. गाडीत कोणी नव्हते.