गळ, जाळे आणि पाण्याचा ठेका

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

कोल्हापूर म्हटले की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, गूळ आठवतो, तालमी आठवतात. माशांसाठी कोणी कोल्हापूरचे नाव घेत नाही. तो मान कोकणाचा. पण घाटाच्या या अंगालाही पाण्याचा तोटा नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानायची, आणि तिथून पुढे पंचगंगा सुमारे ८० किलोमीटर वाहत जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. या पाण्यावर पिढ्यानपिढ्या दोन तऱ्हेची माणसे मासे धरत आली. एक, जाळ्यावर ज्याचे पोट आहे असा भोई. दुसरा, कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ गळाला लावून तासन्‌तास काठावर बसणारा हौशी माणूस. एरवी या दोघांचे फारसे जमत नाही. पण आज दोघांचीही तक्रार एकच आहे. पाणी महाग झाले. म्हणजे प्यायचे नव्हे, मासे धरायचे पाणी.

ही तक्रार आजची वाटते, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. पाणी कोणाचे, मासा कोणाचा, आणि तो धरायचा हक्क कोणी कोणाला विकायचा, हे तीन प्रश्न आपल्याकडे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवले गेले. तेवढीच गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात बाराव्या शतकापासून करू. त्या वेळी कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते आणि कोल्हापूरचे शिलाहार त्यांचे मांडलिक होते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभार, वास्तू, स्वयंपाक, संगीत, हत्ती, कुस्ती असे शंभर विषय त्यात आहेत, आणि त्यातलाच एक आहे ‘मत्स्यविनोद’, म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ. माशांच्या जाती, कोणत्या माशाला काय चारायचे, काठी कशी हवी, दोर कसा वळायचा, गळाला लागलेला मासा कसा खेळवायचा, हे सगळे तिथे शिस्तीत सांगितले आहे. इंग्लंडमधल्या आयझॅक वॉल्टनचे गळावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ सालचे. म्हणजे आपला राजा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. गळ टाकून बसणे हा साहेबाने आणलेला शौक आहे, अशी समजूत असणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या गंडरादित्य शिलाहाराने ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधला. राजाने तलाव बांधायचा, गावाने तो राखायचा, अशी ती व्यवस्था. राजाच्या विनोदाला पावती लागत नव्हती, हे उघड आहे. पण खाली गावातही बाजारभावाने पाणी विकले जात नव्हते. नदीवर नाव चालवणे, उतारू पलीकडे नेणे, जाळे टाकणे, पालखी-मेणा वाहणे ही भोयांची कामे होती. मासे धरायचा हक्क हा त्या कामाचा एक भाग होता. तो कागदावर नव्हता, रिवाजात होता. रिवाजात अन्यायही पुष्कळ असतो. कोणाला काठावर येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, हे जातीवरून ठरत होते. त्यामुळे जुने ते सगळे सोने होते असे मी म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की, हक्काला किंमत नव्हती, तर कर्तव्य जोडलेले होते.

कंपनी सरकार आले आणि पाण्याची मोजदाद सुरू झाली. कर्नल विल्यम साइक्स हा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करत फिरला. त्याने इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यातल्या एका माशाचे नाव त्याने ठेवले ‘खुद्री’ आणि दुसऱ्याचे ‘मुसुल्ला’. लॅटिन नावांच्या गर्दीत ही दोन देशी नावे आजही टिकून आहेत. खुद्री म्हणजे साहेब लोकांचा लाडका महसीर. या एका माशासाठी इंग्रज अधिकारी रजा काढून नदीवर मुक्काम ठोकत. हेन्री सलिवन थॉमस नावाच्या मंगळूरकडच्या कलेक्टराने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले, ते याच वेडातून.

त्याच १८७३ साली फ्रान्सिस डे याने हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातील माशांवर सरकारला अहवाल दिला. बारीक डोळ्यांची जाळी, पिलांची नासधूस, अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची कत्तल, ही दुखणी त्याने तेव्हाच मांडली होती. पुढे १८९७ मध्ये मासेमारीचा कायदा झाला आणि सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरले. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. सुरुंग आणि ब्लीचिंग पावडर मात्र आजही कुठे कुठे चालतेच.

पण माझ्या मते खरा बदल झाला तो त्याआधी, १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने. त्याच्या ३७ व्या कलमात म्हटले आहे की नद्या, ओढे, नाले, तलाव आणि साचलेले व वाहणारे सगळे पाणी, दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर, सरकारची मालमत्ता आहे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २० वे कलम आले, तेही याच अर्थाचे. एकदा पाणी सरकारी मालमत्ता ठरले की त्यातला मासा धरायची परवानगी ही देण्या-घेण्याची वस्तू होते. आणि वस्तू झाली की तिला भाव येतो.

इंग्लंडमध्ये हाच प्रवास दुसऱ्या वाटेने झाला. तिथे गोड्या नदीत मासे धरायचा हक्क साधारणपणे काठाच्या जमीनमालकाचा. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डच्या पोलाद कारखान्यांतले कामगार सुटीच्या दिवशी रेल्वेने लांबच्या नदीवर गळ टाकायला जात. त्यांनी संघ काढले, वर्गणी जमवली आणि जमीनमालकाकडून नदीचे पट्टे भाड्याने घेतले. आजही तिथले गावोगावचे क्लब याच पद्धतीने चालतात, आणि त्यांचे रडगाणेही तेच आहे. भाडे वाढते, श्रीमंत मंडळी जास्त पैसे देऊन चांगला पट्टा उचलतात आणि गावचा क्लब गावच्याच नदीवरून उठतो. म्हणजे मालक सरकार असो की जमीनदार, भाव चढला की सर्वांत आधी उठतो तो जवळचा माणूस.

आता पुन्हा कोल्हापूरकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. धरण पुरे झाले ते त्यांच्या पश्चात. पुढे तुळशी, दूधगंगा, वारणा यांवरही धरणे आली. आणि नदीवर जागोजागी बंधारे आले. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे, आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढायचे. ही पद्धत कोल्हापूरच्या नावानेच सगळ्या महाराष्ट्रात ओळखली जाते. उसाला पाणी मिळाले, जिल्हा सुखी झाला, याबद्दल वाद नाही. पण माशांच्या बाजूने पाहिले तर दोन गोष्टी घडल्या. मासा वर चढायच्या वाटेत भिंती आल्या. आणि वाहत्या नदीच्या जागी साचलेले पाणी आले. वाहत्या नदीला हद्द घालणे अवघड. जलाशयाला हद्द असते, हेक्टर असतात, म्हणून त्याचा ठेका देता येतो.

त्यात १९५७ साली कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन माशांचे प्रजनन घडवून आणले. त्याआधी रोहू, कटला, मृगळ यांची पिले नदीतून गोळा करावी लागत. आता ती हॅचरीत तयार होऊ लागली. त्याच दशकात, १९५२ मध्ये, परदेशातून तिलापिया देशात आला. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. तळ्यात बीज सोडा, वाढवा, धरा. मासा नदीचे देणे न राहता पीक झाला. पीक आले म्हणजे खंड आला. पाणी पाटबंधारे खात्याचे, ठेका मत्स्यव्यवसाय खात्याचा, लहान गावतळी जिल्हा परिषदेची नाहीतर ग्रामपंचायतीची, आणि ठेका घेणार भोई बांधवांची सहकारी संस्था, अशी घडी बसली.

या घडीत चांगले पुष्कळ होते. संस्थांना प्राधान्य होते, ठेका पाच वर्षांचा होता. एका वर्षाचा ठेका असेल तर घेणारा तळे खरवडून काढतो. पाच वर्षांचा असेल तर तो पुढचाही विचार करतो. पण खर्चाची बाजू वाढत गेली. हेक्टरी ठेका रक्कम, बीज म्हणजे बोटुकली, नायलॉनची जाळी, होडी, रात्रीची राखण, बर्फ, टेम्पो. ३० जून २०१७ रोजी शासनाने तलाव ठेक्याचे सुधारित धोरण जाहीर केले, तेव्हा राज्यभरातल्या मच्छीमार संस्थांनी दरांविरुद्ध आवाज उठवला. २०१९ मध्ये धोरणात पुन्हा बदल झाले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या काही सवलती त्यामुळे मच्छीमारालाही मिळू शकतील, ही चांगलीच गोष्ट आहे.

आणि हौशी गळवाल्याचे काय झाले? तो कोणत्याच कागदावर नाही. मी स्वतः गळ टाकणाऱ्यांपैकी एक. पूर्वी तळ्यावर गेलो की राखणदाराला चहा पाजला, दोन गोष्टी केल्या की काम भागायचे. काही वर्षांपूर्वी एका तलावावर आम्हा तिघांकडून माणशी पैसे मागितले. पावती मागितली तर मिळाली नाही. राग आला, पण घरी येताना वाटले की त्या माणसाचे तरी काय चुकले? त्याने पाण्याचे पैसे भरलेत, बोटुकली विकत घेऊन सोडली आहे. आमच्या गळाला लागणारा मासा त्याच्या हिशेबात धरलेला आहे.

खरी गोम इथेच आहे. ठेका घेणारा नेमके कशाचे पैसे देतो? कागदावर तो पाण्याच्या क्षेत्राचे पैसे देतो. हेक्टर तेवढेच राहतात. मासा मात्र राहील याची हमी कोणी देत नाही. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४३ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा पुरात तळ्यातले मासे शिवारात आणि शिवारातून नदीत जातात. ठेक्याची रक्कम जागेवर राहते. उन्हाळ्यात तऱ्हा उलटी. पंचगंगेत शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी उतरते, प्रवाह थांबतो, आणि शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा हा प्रश्न माशांपुरता नाही हे सगळ्यांना कळले.

पश्चिम घाटाच्या नद्यांमध्ये गोड्या पाण्यातील माशांच्या २८८ जाती नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या ११८ जगात दुसरीकडे कुठे नाहीत, असे २००४ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले. आपल्याच जिल्ह्यातल्या माशांवर कलावार आणि केळकर यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. त्या यादीतले किती मासे आज बाजारात दिसतात, हे लक्ष्मीपुरीत एक चक्कर मारून कोणीही पाहावे. पाटीत असतो तो रोहू, कटला आणि चिलापी.

मग उपाय काय? दोन जुनी उदाहरणे सांगतो. महाडजवळ वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. तिथे ठेका नाही, कायद्याचा बडगा नाही, आणि मासे माणसाच्या हातून खातात. दुसरे उदाहरण लोणावळ्याचे. वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास केली आणि पिले निरनिराळ्या पाण्यात सोडण्यासाठी दिली. मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचा त्या कामात मोठा वाटा होता. एका ठिकाणी श्रद्धेने राखण केली, दुसऱ्या ठिकाणी शास्त्राने. दोन्हीकडे गोष्ट सारखी आहे: ज्याचा पाण्यावर अधिकार, त्याने माशाची जबाबदारी घेतली.

माझे म्हणणे एवढेच आहे. ठेका नको असे मी म्हणत नाही. सगळे फुकट केले तर बळी तो कान पिळी होते, हेही आपण पाहिले आहे. पण जो पैसे घेतो त्याने मासा राखला पाहिजे. ठेक्याच्या रकमेतला ठरलेला वाटा त्याच पाण्यावर खर्च व्हावा. पुरात मासे वाहून गेले, विषारी पाण्याने मेले, तर त्या वर्षीची रक्कम त्या प्रमाणात आपोआप कमी व्हावी. संस्थेला अर्ज घेऊन दारोदार फिरावे लागू नये. चढणीच्या दिवसांत नदीचे काही डोह सगळ्यांनाच बंद असावेत, भोयाला, ठेकेदाराला आणि मलाही. आणि गळ टाकणाऱ्यासाठी अल्प दराचा रीतसर परवाना असावा, पावतीसकट, ज्याचे पैसे त्या पाण्यावरच्या संस्थेला मिळतील. मी तो आनंदाने भरीन.

सोमेश्वराने गळाच्या खेळात दोर केवढा मजबूत हवा ते सांगितले. मासाच उरला नाही तर काय करायचे, हे सांगायची त्याला गरज पडली नाही. आपल्याला मात्र तो विचार करावा लागणार आहे, आणि तो पुढच्या ठेक्याचा दर ठरण्याच्या आधी केलेला बरा.