भूमितीय क्वांटम संगणन

भूमितीय क्वांटम संगणन ही क्वांटम संगणकातील क्रिया भूमितीय कलेच्या साहाय्याने घडवून आणण्याची पद्धती होय. क्युबिटची अवस्था बंद मार्गाने फिरून मूळ स्थानी परतली, तरी तिच्यात कलांतर उरते. त्याच्या भूमितीय भागाचे परिमाण ब्लॉख गोलावरील त्या मार्गाने वेढलेल्या घन कोनाच्या निम्मे असते. मार्गक्रमणाच्या वेगावर ते अवलंबून नसते. ही कला एस. पंचरत्नम् यांनी १९५६ मध्ये प्रकाशाच्या ध्रुवणात, तर मायकेल बेरी यांनी १९८४ मध्ये क्वांटम प्रणालींत दाखवली. समान ऊर्जेच्या अवस्थांवर आधारलेले होलोनॉमिक संगणन पाओलो झनार्दी व मारिओ रासेटी यांनी १९९९ मध्ये मांडले. घन कोन न बदलणाऱ्या नियंत्रणातील त्रुटी येथे निष्प्रभ ठरतात. मात्र क्रिया मंद असल्यास परिसराच्या प्रभावाने अवस्था विस्कटण्यास अधिक अवधी मिळतो; म्हणून जलद भूमितीय क्रियाही विकसित झाल्या.