घरातल्या हाका

वडिलांना 'भाऊ' आणि आईला 'वहिनी' म्हणणारी माणसे आमच्या बाजूला अजून पुष्कळ सापडतील. आमची बाजू म्हणजे ओझर. अष्टविनायकांतले नव्हे, ते जुन्नर तालुक्यात. आमचे ओझर बाणगंगेच्या काठचे, निफाड तालुक्यातले, द्राक्षांचे आणि विमानांचे. परगावचा पाहुणा घरातल्या या हाका ऐकतो आणि बुचकळ्यात पडतो. जन्मदाता बाप, त्याला भाऊ काय म्हणून म्हणायचे? पण यात वेडेपणा काही नाही. एकत्र कुटुंबात थोरल्याला धाकटी भावंडे 'भाऊ' म्हणत. त्याला मूल झाले, ते ओसरीवर रांगू लागले आणि चहूबाजूंनी कानावर जो शब्द पडे तोच त्याने उचलला. बापानेही तो सुधारला नाही. वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या पोराला मांडीवर घेणे हेच जिथे निलाजरेपणाचे, तिथे 'मला बाबा म्हण' असे तो कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा कोण कोणाला काय म्हणते एवढे ऐकले, की त्या घरात एके काळी किती माणसे एका चुलीवर जेवत होती याचा अदमास येतो. मला तर ही हाक जुन्या कागदापेक्षा खात्रीची वाटते. कागद खोटा करता येतो. लहान मुलाची जीभ कोण खोटी करणार?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पुस्तक १९३५ साली बाहेर आले. 'आई' या शब्दापायी महाराष्ट्राने त्यानंतर केवढे अश्रू ढाळले! पण त्या पुस्तकातले वडील 'भाऊ'च आहेत, हे कित्येकांच्या लक्षातही राहत नाही. बिचारे भाऊ!

या हाकांत नुसते घर नव्हे, मुलूखही सापडतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली हिंदुस्थानातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. उत्तरेकडे सोयरीक परक्या घरी, दक्षिणेकडे नात्यातल्या नात्यात, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध, असे त्यांनी त्यात दाखवले. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानीत. म्हणजे मुलाचा सासरा मामा आणि मुलीची सासू आत्या. आमच्या आज्या सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत त्या उगीच नव्हे. (आत्याच्या यजमानांना कित्येक घरांत मामाच म्हणतात, तेव्हा तोही हिशेब जमला.) पुढे परक्या घरची सून आली तरी शब्द आधीच्या नात्याचाच राहिला. 'अक्का', 'अण्णा', 'अप्पा' हे तर आपण आणि कानडी लोक मिळून वापरतो.

आता सुना सासूला 'आई' म्हणतात, आणि माहेरची कोणती, सासरची कोणती हे कळावे म्हणून मैत्रिणींत बोलताना 'अहो आई' म्हणतात. मला ते आवडत नाही. 'आत्याबाई'त धाक होता, अंतर होते, पण जे होते ते उघड होते.

खुद्द इरावतीबाईंच्या घरी मुले आईला 'इरू' आणि वडिलांना 'दिनू' म्हणत! साऱ्या देशाची नाती तपासणाऱ्या बाईने आपल्या घरात नात्याचा शब्दच ठेवला नाही. हे धाडस मला आवडते, पण लांबून. माझी जीभ रेटणार नाही.

पेशव्यांचे घर पाहा. बाळाजी बाजीराव 'नानासाहेब', सदाशिवराव 'भाऊसाहेब', रघुनाथराव 'दादासाहेब'. दौलत अटकेपर्यंत गेली तरी हाका माजघरातल्याच राहिल्या. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सेनापतीला इतिहास अजून भाऊच म्हणतो, आणि त्या मोहिमेची गाजलेली बखर 'भाऊसाहेबांची बखर' म्हणूनच ओळखली जाते. रघुनाथरावांचा वाडा आमच्या नाशिकला लागून, आनंदवल्लीला होता. सगळ्या दौलतीचे ते दादा. पण ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारेकरी मागे लागले तेव्हा अठरा वर्षांच्या नारायणरावाने 'काका, मला वाचवा' म्हणून मिठी मारली, असे परंपरा सांगते. त्याने 'दादासाहेब' म्हटले असते तर ती गोष्ट एवढी लोकांच्या तोंडी राहिली असती का, याची मला शंका आहे. 'काका' या दोन अक्षरांत रक्ताचा दावा आहे. तो दावा फुकट गेला, म्हणून अडीचशे वर्षांनंतरही आपण तो शब्द विसरलेलो नाही.

नवराबायकोंचा प्रकार निराळाच. तिथे हाक नव्हतीच. नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यात, तेही चारचौघींनी दाराशी अडवल्यावर. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत न्यायमूर्तींचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. न नाव, न नाते, नुसते 'स्वतः'. १९३८ साली त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला, त्याचे नावच मुळी 'हिमसेल्फ'. आता लक्ष्मीबाई टिळकांकडे या. बाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्या नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. टिळक रागावले, टिळक निघून गेले, टिळकांनी भलतेच काही करून ठेवले! 'स्वतः'मध्ये देव्हारा आहे. 'टिळक'मध्ये माणूस आहे. दोन्ही बायांनी नवऱ्यावर जीव टाकला, पण मला विचाराल तर मी टिळकांच्या बाजूचा.

आणि बायकांना काय म्हणत? येथे मात्र या जुन्या हाकांवरचे माझे प्रेम अडखळते. मी आईला 'वहिनी' म्हणत असे. काका म्हणत, म्हणून मीही. लग्नात तांदळावर नवे नाव लिहून तिचे जुने नाव पुसले होते, आणि नवे नावही घरात कोणी उच्चारत नव्हते. सासऱ्यांची ती सूनबाई, दिरांची वहिनी, जावांची अक्का, वडिलांची 'अगं'. वर्षातून एक दिवस, भाऊबीजेला, मामा यायचा. चपला काढता काढता अंगणातूनच तो तिला तिच्या मूळ नावाने हाक मारी. तीन अक्षरी साधे नाव. स्वयंपाकघरातून 'आले रे' म्हणून जो आवाज येई, तो एरवी वर्षभर आमच्या घरात नसे. मामा गेल्यानंतर ते नाव पुन्हा वर्षभर बंद. त्याच्या माघारी ते घेणारे माणूसच उरले नाही. 'वहिनी' शब्दात माया नव्हती असे कोण म्हणेल? पण ती माया एका नावाच्या बदल्यात मिळाली होती, हेही विसरवत नाही.

आमच्या गावात १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आला. मिग विमाने इथे होऊ लागली आणि आमचे गाव 'ओझर मिग' झाले. पंजाबी, मल्याळी, बंगाली शेजार आला, आणि शेजारणीला सगळ्यांनाच जमेल असा शब्द हवा होता. तो 'आंटी' निघाला. त्या वसाहतीला मी दोष देत नाही. केरळच्या बाईला 'काकू' म्हणायचे की 'मावशी', हे त्या पोरांनी कोणाला विचारायचे? परंतु 'आंटी' आत आली तेव्हा 'मावशी' कुठे गेली ते पाहा. ती दवाखान्यात फरशी पुसते, आपल्या घरी धुणीभांडी करते. 'काका' रिक्षा चालवतात, 'मामा' शाळेची घंटा देतात. ज्यांच्याशी खरी सोयरीक व्हायची शक्यता नाही त्यांच्यासाठी आपण रक्ताची नाती राखून ठेवली, आणि बरोबरीच्यांना इंग्रजी दिले. पप्पा-मम्मीवर लोक रागावतात, मी रागावत नाही. ती निदान प्रेमाने म्हणतात. मावशीचे हे जे झाले ते मात्र मला टोचते, कारण आईच्या बहिणीचा हा शब्द आपल्या भाषेतला फार मऊ शब्द आहे. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण उगीच पडली नाही.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदांवर लिहिताना आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असे लिहावे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. रोज सकाळी पटावरचे पूर्ण नाव वाचायची माझी जुनी खोड आहे. म्हणजे चाळीस मुलांबरोबर चाळीस आयांची नावे मोठ्याने घ्यावी लागणार. हजेरीला पाच मिनिटे जास्त लागतील.